आल्प्समधला पहिला स्की-आठवडा: ठरवण्यापासून परतीच्या गाडीपर्यंत

जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या काप्रूनला आठवडाभर राहून, स्की शिकून आम्ही परत आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. याआधी चौघांपैकी कुणी स्कीला हातही लावलेला नव्हता. तयारी करताना मराठीत या विषयावर सलग असं फारसं वाचायला मिळालं नाही. व्हिसाबद्दल होतं, डोंगरांचे फोटो होते, पण बूट कसे निवडायचे, विमा कुठला घ्यायचा, न खेळणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून जे जसं झालं ते क्रमाने लिहिते आहे.

ज्यांना पुढचं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल तर गाव निवडताना तिथे एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत ते बघू नका. शिकाऊ उतार कुठे आहे, राहत्या घरापासून किती लांब आहे आणि स्कीचे बूट घालून तिथवर चालत जाता येतं का, ते बघा. आमचा आठवडा चांगला गेला तो या एका निकषामुळे, असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्टच्या अखेरीस शोधाशोध सुरू केली. प्रत्येक ठिकाणाच्या माहितीत पहिला आकडा उतारांच्या लांबीचा असतो: कुठे दोनशे किलोमीटर, कुठे चारशे. पहिल्या आठवड्यात शिकणारा माणूस यातला एखादा किलोमीटरच वापरतो, तोही पुन्हा पुन्हा. मी कागदावर चार अटी लिहिल्या. शिकाऊ उतार गावातच हवा. गावात बर्फ पडला नाही तर जवळपास उंचावर हमखास बर्फ हवा. रेल्वेने पोचता यायला हवं, कारण बर्फाळ घाटात भाड्याची गाडी चालवायची आमची तयारी नव्हती. आणि सासूबाईंना स्की न करताही डोंगरावर जाता यायला हवं. आई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तुम्ही घसरा खुशाल, मी वर बसून डोंगर बघेन. पण मला खाली खोलीत ठेवून जायचं नाही." त्यामुळे चौथी अट सगळ्यात महत्त्वाची होती.

या चार अटींतून जी दोन-तीन नावं उरली त्यात त्सेल आम झे आणि काप्रून ही साल्झबुर्ग प्रांतातली शेजारी गावं होती. त्सेल तळ्याच्या काठावर आहे, त्याला स्वतःचं रेल्वे स्थानक आहे आणि श्मिटनहोए हा १,९६५ मीटरचा डोंगर गावाच्या डोक्यावर उभा आहे. तिथून बसने थोड्या अंतरावर काप्रून. गावाची उंची जेमतेम ७८६ मीटर, म्हणजे गावात बर्फ असेलच याची खात्री नाही. पण गावाच्या वर किट्सश्टाइनहॉर्न या डोंगरावर हिमनदी आहे. १९६५ पासून तिथे स्की चालतं, ऑस्ट्रियातलं हिमनदीवरचं ते पहिलं स्की क्षेत्र. सगळ्यात वरचं स्थानक ३,०२९ मीटरवर. गावात लेशनरबेर्ग नावाची छोटी टेकडी आहे, तीच शिकणाऱ्यांची जागा. आणि २०१९ पासून गावाच्या मध्यातून माइसकोगल या डोंगरामार्गे थेट हिमनदीपर्यंत केबल कारची साखळी जोडलेली आहे. काप्रून ठरलं.

मग प्रश्न आला आठवड्याचा. नाताळ आणि नवं वर्ष सोडूनच दिलं. फेब्रुवारीत ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा सगळ्या देशांतल्या शाळांना आलटून पालटून सुट्ट्या असतात, त्यामुळे भाडी चढतात आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टपुढे रांगा लागतात. शिवाय २०२५ मध्ये ४ ते १६ फेब्रुवारी या काळात शेजारच्या झालबाखला अल्पाइन स्कीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. ६ जानेवारीचा ख्रिस्ती सण संपला की महिनाअखेरपर्यंत मात्र आल्प्समध्ये शांतता असते. थंडी कडक, दिवस लहान, पण जागा रिकाम्या आणि दर उतरलेले. लेकीच्या शाळेतून आठवडाभराची रजा काढावी लागली. ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी मार्चचा विचार करावा. हिमनदी असलेल्या गावांत तेव्हाही बर्फ पुरेसा असतो आणि ऊनही जास्त मिळतं.

घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. मधल्या वारी उतरायचं म्हटलं की पर्याय एकदम कमी होतात. आम्ही लेशनरबेर्गपासून पायी काही मिनिटांवर दोन खोल्यांचं घर घेतलं, स्वयंपाकघरासकट. आठवड्याचे सुमारे १,२०० युरो. फुकट रद्द करण्याची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आहे हे बघूनच आरक्षण केलं. व्हिसा हातात येईपर्यंत जिथे पैसे अडकतात असं काहीही करायचं नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर केला. विमान म्युनिकला उतरणार होतं, म्हणजे शिक्का जर्मनीत बसणार होता. तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा, कारण सगळ्या रात्री तिथे होत्या. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. ही गोष्ट बरेच जण उलटी समजतात. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. ते रुपयांत भरायचं, आणि व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा.

कागदपत्रांची थप्पी मोठी होते. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, दोघांच्या कार्यालयांची रजेची पत्रं, विमानाचं आरक्षण, घराचं आरक्षण, विमा. लेकीसाठी जन्मदाखला आणि आम्हा दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र. आईंचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे निवृत्तिवेतन. त्याचे उतारे जोडले आणि खर्च आम्ही करणार आहोत असं नवऱ्याचं पत्रही. सोबत एका पानाचं प्रवासपत्र लिहिलं, त्यात तारखेनिशी मुक्काम, गाडी, वर्ग. स्की शाळेला ईमेल करून नावं आधीच नोंदवली होती, त्यांची पोच जोडली. लहान गावात आठवडाभर राहून ही माणसं काय करणार, या प्रश्नाचं उत्तर त्या एका कागदात होतं.

व्हिसा केंद्रात सकाळची वेळ मिळाली होती. आईंच्या बोटांचे ठसे उमटायला वेळ लागला. वयोमानाने रेषा पुसट होतात, तिथली मुलगी न कंटाळता पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली. हाताला आदल्या रात्रीपासून क्रीम लावून ठेवलं तर मदत होते, असं तिनेच सांगितलं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस, क्वचित ४५ पर्यंत. आमचे तिघांचे पासपोर्ट दिवाळीनंतर एकाच दिवशी आले, आईंचा मात्र मागे राहिला. ते मधले दिवस फार जड गेले. चौकशीच्या पानावर रोज तेच वाक्य दिसायचं. नवरा म्हणत होता धीर धर, आई म्हणत होत्या तुम्ही जा, आणि मला दोन्ही ऐकवत नव्हतं. आठवड्याभराने तोही आला, व्हिसासकट. त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटं काढली.

विम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे फसगत व्हायची शक्यता खूप आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. तेवढी पॉलिसी कुणीही देतं आणि ती व्हिसाला चालते. पण अशा पुष्कळ पॉलिसींच्या अटींमध्ये साहसी आणि हिवाळी खेळ वगळलेले असतात. म्हणजे व्हिसा मिळतो, आणि उतारावर गुडघा मोडला की पॉलिसी लागू होत नाही. मी विमा कंपनीला लेखी विचारलं: आखलेल्या उतारावर, शिक्षकाबरोबर स्की शिकताना झालेली इजा यात येते का? डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च येतो का, हेलिकॉप्टर धरून? माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर? उत्तरही लेखीच मागितलं. ऑस्ट्रियात खेळताना झालेल्या अपघातात हेलिकॉप्टरने उचललं तर त्याचं बिल हजारो युरोंत येतं आणि ते रुग्णालयाच्या खर्चापेक्षा वेगळं असतं. हिवाळी खेळांची जोड घेतल्यावर आमच्या तिघांचा हप्ता जवळजवळ दीडपट झाला. त्यातही आखलेल्या उताराबाहेर गेल्यास संरक्षण नाही, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. आईंसाठी वेगळी पॉलिसी, रक्तदाबाचा आजार जाहीर करून. तीन हजार मीटरवर जाण्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी औषधाच्या वेळा सांगितल्या, वर हळू चाला म्हणाले आणि परवानगी दिली.

नोव्हेंबरपासून पायांचा व्यायाम सुरू केला. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचं, बैठका, एका पायावर तोल. स्कीमध्ये मांड्या आणि गुडघे सतत वाकलेले असतात. रोज दहा-पंधरा मिनिटंच, पण दोन महिने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्गातले बरेच जण जिने उतरताना कण्हत होते तेव्हा त्याचा उपयोग कळला.

कपड्यांवर आम्ही कमी खर्च केला. तत्त्व सोपं आहे: अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. सुती काहीही नको, अगदी आतलासुद्धा. घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि लिफ्टवर बसल्यावर थंडी हाडात शिरते. जाकिटं आणि पँटी ओळखीच्यांकडून आणल्या. हातमोजे, मोजे आणि गॉगल मात्र चांगले विकत घेतले. मोजे गुडघ्यापर्यंतचे, पातळ, आणि एका वेळी एकच जोड. दोन जोड घातले की घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. उन्हाचं क्रीम विसरू नका. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनासुद्धा लावायचं.

शनिवारी सकाळी म्युनिकला उतरलो. विमानतळावरून लोकल गाडीने शहरात, तिथून साल्झबुर्ग, तिथे गाडी बदलून त्सेल आम झे. ऑस्ट्रियाच्या रेल्वेची आगाऊ काढलेली सवलतीची तिकिटं खूप स्वस्त असतात, पण ती त्याच गाडीला लागू होतात. जाताना विमानाला उशीर होऊ शकतो म्हणून आम्ही बदलता येणारं तिकीट घेतलं. येतानाचं सवलतीचं काढलं. त्सेलहून काप्रूनला बस.

शनिवारी पोचणाऱ्यांनी एक गोष्ट घड्याळाकडे बघून करावी. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला किराणा दुकानं बंद होतात ती सोमवारी सकाळीच उघडतात. बॅगा घरात टाकून नवरा आणि लेक तसेच धावत गेले आणि रविवारपुरतं दूध, पाव, अंडी, भाज्या घेऊन आले. तोवर मी घरमालकिणीकडे नोंदणीचा कागद भरला. प्रत्येक पाहुण्याचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक लिहून सही करायची असते, कायद्यानेच. मुक्कामाचा स्थानिक कर माणशी दर रात्रीच्या हिशेबाने वेगळा भरायचा असतो. तो आरक्षणाच्या रकमेत नसतो.

रविवारी सामान भाड्याने घ्यायला गेलो. ऑनलाइन आधी नोंदवलं होतं, त्यामुळे दर कमी पडला: स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट मिळून माणशी सुमारे १७० युरो, लेकीचं त्याच्या निम्म्याने. साल्झबुर्ग प्रांतात मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, पण प्रौढांनीही घालावंच. दुकानात तासभर तरी हाताशी ठेवा, आणि तो सगळा वेळ बुटांवर खर्च करा. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत. गुडघे पुढे वाकवले की बोटं मोकळी व्हायला हवीत आणि टाच जागची हलता कामा नये. बूट घट्टच वाटतो आणि तो तसाच हवा, पण विशिष्ट एका ठिकाणी दुखत असेल तर लगेच बदलून मागायचा. मी तिसरा जोड पसंत केला. दुकानदार तरुणाने स्वतःहून सांगितलं की आठवड्यात कधीही येऊन बदला. बहुतेक दुकानांत ही सोय असते, विचारून ठेवा.

तिथेच वजन, उंची, वय आणि किती येतं हे विचारतात. त्यावरून आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, स्प्रिंग लावतात. पडल्यावर स्की पायातून योग्य वेळी सुटते की नाही ते या आकड्यावर ठरतं. म्हणून वजन खरं सांगायचं आणि 'अगदी नवखे' हेही न लाजता सांगायचं. स्प्रिंग जास्त आवळलेली राहिली तर स्की सुटत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो.

दुपारी आईंना घेऊन किट्सश्टाइनहॉर्नवर गेलो, स्कीशिवाय. पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट मिळतं. टप्प्याटप्प्याने गोंडोला, म्हणजे बंद केबल कार, बदलत वर जायचं असतं. मधल्या २,४५० मीटरच्या स्थानकावर आम्ही मुद्दाम अर्धा तास थांबलो, आईंना गरम पाणी दिलं, मग पुढे. सगळ्यात वर डोंगराच्या पोटातून एक बोगदा खोदलेला आहे. त्याच्या पलीकडच्या टोकाला गच्ची आहे आणि समोर होहे टाउअर्न पर्वतरांगेची शिखरं, त्यात ऑस्ट्रियाचं सर्वोच्च शिखर ग्रोसग्लॉकनर, ३,७९८ मीटर. आई कठडा धरून बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "व्हिसासाठी इतकं थांबले ते कशासाठी, ते आता कळलं."

खाली तळाच्या स्थानकाजवळ एक स्मारक आहे. ११ नोव्हेंबर २००० रोजी इथल्या बोगद्यातून वर जाणाऱ्या रेल्वेच्या डब्याला आग लागली आणि १५५ माणसं गेली. ती रेल्वे प्रवाशांसाठी पुन्हा कधी सुरू झाली नाही. काप्रूनला जाणाऱ्यांनी तिथे थोडा वेळ थांबावं असं मला वाटतं.

सोमवारपासून वर्ग. सकाळी दोन तास, मधली सुट्टी, दुपारी दोन तास, शुक्रवारपर्यंत. आमच्या तिघांचे माणशी सुमारे ३०० युरो. लेक मुलांच्या गटात, आम्ही मोठ्यांच्या. खाजगी शिक्षक घ्यावा का, हा विचार आम्हीही केला होता. पण नवख्यांसाठी गटच बरा, असं माझं मत झालं. इतरांना पडताना, उठताना बघून धीर येतो आणि आपली पाळी येईपर्यंत पायांना विश्रांती मिळते.

पहिली सकाळ बूट घालून चालण्यात, एका पायात स्की अडकवून सपाटीवर सरकण्यात, पडायचं कसं आणि उठायचं कसं यात गेली. मग पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा स्कीचा नांगर करून थांबायला शिकवतात. आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण ते. वर जायला सरकता पट्टा असतो, त्यावर नुसतं उभं राहायचं. पहिले दोन दिवस आमचा सगळा वेळ त्या पट्ट्यावर आणि शेजारच्या छोट्या उतारावर गेला, त्यामुळे सगळ्या लिफ्टना चालणारा मोठा स्की पास घ्यायची गरजच नव्हती. पास बुधवारपासून तीन दिवसांचा काढला, प्रौढांना दोनशे युरोंच्या वर. सोमवारीच आठवड्याचा पास घेणाऱ्यांचे आमच्या गटात बरेच पैसे वाया गेले. पास कधीपासून लागेल हे शाळेलाच आधी विचारा, ते सरळ सांगतात. पास म्हणजे एक कार्ड असतं. ते जाकिटाच्या डाव्या खिशात एकटं ठेवायचं, फाटक आपोआप उघडतं. त्याच खिशात मोबाइल ठेवू नका.

मंगळवारी संध्याकाळी नवरा अगदी हिरमुसला होता. त्याला वळता येत होतं ते एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला वळायचं म्हटलं की शरीर डोंगराकडे झुकायचं आणि स्की निसटायची. शिक्षिकेने बुधवारी त्याला दोन्ही हात दरीकडच्या गुडघ्यावर ठेवून उतरायला लावलं. वजन दरीकडच्या पायावर गेलं की वळण होतं. मनाला वाटतं डोंगराला चिकटावं, आणि स्कीला हवं असतं नेमकं उलट. हे समजायला डोकं पुरत नाही, पायांनाच ते कळावं लागतं. दुपारपर्यंत त्याला ते साधलं.

बुधवारी आम्ही दोरीच्या लिफ्टवर गेलो. दोन पायांमध्ये तबकडी धरायची आणि तिने आपल्याला ओढत न्यायचं. तिच्यावर बसायचं नाही. बसलं की खाली पडतो. त्या दिवशी ढग खाली आले आणि उजेड असा सपाट झाला की उंचवटा कुठे, खड्डा कुठे काही दिसेना. अशा दिवसासाठी गॉगलची फिकट काच लागते. उन्हासाठीची गडद काच तेव्हा निरुपयोगी. वर हिमनदीवर वाऱ्यामुळे लिफ्ट बंद असल्याचं फलकावर लागलं होतं. उंचावरच्या लिफ्ट वाऱ्याने थांबतात हे गृहीत धरूनच आखणी करावी. म्हणूनही गावातला उतार महत्त्वाचा.

त्याच दिवशी आमच्या गटातल्या एका गृहस्थांचा गुडघा पिळवटला. वेगाने नाही, जवळजवळ उभ्या जागी. शिक्षिकेने त्यांच्या वरच्या बाजूला दोन स्की फुली करून बर्फात रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना इशारा, आणि फोन केला. ऑस्ट्रियात डोंगरावरच्या बचावासाठी १४० हा क्रमांक आहे, युरोपभर चालणारा ११२ तर आहेच. बचावपथक घसरगाडी घेऊन आलं, त्यांना त्यात झोपवून, पट्टे बांधून खाली नेलं. नंतर कळलं की त्यांच्याकडे हिवाळी खेळांचा विमा होता. मी रात्री आमची पॉलिसी काढून मदतीचा फोन क्रमांक तिघांच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवला आणि एका चिठ्ठीवर लिहून लेकीच्या खिशात ठेवला.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने उतारावर वागण्याचे दहा नियम घालून दिले आहेत, १९६७ पासून. शाळेत ते शिकवतात, पण आधीच वाचून जा. मुख्य असा की पुढे, म्हणजे खाली असणाऱ्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला टाळायचं. थांबायचं ते कडेला, अरुंद जागी किंवा वळणाआड कधीच नाही. निघताना आधी वर बघायचं. अपघात झाला तर मदत करायची आणि आपलं नाव-पत्ता द्यायचा. लेकीला हे तिच्या गटात गाण्यासारखं पाठ करून घेतलं होतं. ती आम्हाला जागोजागी टोकत होती आणि तिचं बरोबर असायचं.

आईंचे दिवस रिकामे गेले नाहीत. सकाळी त्या लेशनरबेर्गच्या पायथ्याशी बाकावर बसून नातीला बघत. मग बसने त्सेलला तळ्याकाठी फेरी. बर्फातल्या पायवाटा साफ केलेल्या असतात आणि त्यांवर पाट्या असतात. बुटाला खालून अडकवायची रबराची काटेरी जाळी त्यांच्यासाठी नेली होती, तिचा फार उपयोग झाला. एका दुपारी गावातल्या टाउअर्न स्पामध्ये गरम पाण्याच्या तलावात मी आणि त्या बसलो. ज्येष्ठ माणसांना बरोबर नेताना कचरू नका, फक्त त्यांच्या प्रत्येक दिवसाची आखणी आपल्याइतकीच काळजीने करा.

गुरुवारी माइसकोगलवर गेलो. ऑस्ट्रियात उतार निळे, लाल आणि काळे अशा तीन रंगांत असतात. निळ्याची तीव्रता २५ टक्क्यांपर्यंत, लालची ४० पर्यंत, त्यापुढे काळा. गोंडोलातून बाहेर आल्यावर निळा उतारही वरून बघताना भिंतीसारखा दिसला. माझे पाय थरथरत होते, थंडीने नाही. शिक्षिका म्हणाली, खाली बघू नका, माझ्या पाठीकडे बघा आणि मी वळते तिथे वळा. रुंद आडवी वळणं घेत, मध्ये मध्ये कडेला थांबत आम्ही उतरलो. किती वेळ लागला ठाऊक नाही. खाली लेक तिच्या गटाबरोबर आधीच पोचलेली होती आणि काठ्या वर करून ओरडत होती. मला रडू आलं. शुक्रवारी तोच उतार पुन्हा केला, आणि या वेळी आजूबाजूचे डोंगरही दिसले.

शुक्रवारी संध्याकाळी सामान परत केलं. दुकानं शनिवारी सकाळी गर्दीने भरलेली असतात, आदल्या दिवशी गेलं की काम पटकन होतं. पासच्या कार्डावर अनामत असते, ती यंत्रात कार्ड टाकून परत मिळते. शनिवारी रस्त्यांवर गाड्यांची रांग लागलेली होती, आम्ही रेल्वेत निवांत होतो. साल्झबुर्गहून जर्मनीत शिरताना पोलीस गाडीत चढून पासपोर्ट तपासतात, तेव्हा ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

लिहिलेले आकडे आमच्या आठवड्याचे आणि त्या हंगामाचे आहेत. विमान सोडून मोठा वाटा घराचा आणि शाळेचा, त्यानंतर पासचा. कमी करायचं असेल तर पास कमी दिवसांचा घ्या, शाळा आणि विमा कमी करू नका. जानेवारीचा विचार असेल तर घर सप्टेंबरमध्ये, रद्द करता येण्याजोगं, शाळेत नाव ऑक्टोबरआधी, मग व्हिसा, आणि तिकिटं सगळ्यात शेवटी. कागदपत्रांच्या यादीत किंवा बुटांच्या मापात कुणी अडलं असेल तर खाली विचारा, मला आठवतं तेवढं नक्की सांगेन.